नापासबाईंचा निकाल

"हे घे. आणखी एक नापास कर."

सासऱ्यांनी चहाच्या कपाशेजारी कागदाची पुडी ठेवली आणि खुर्ची ओढून ते बसले. सूनबाईंनी पुडी सोडली. आत करड्या रंगाच्या, वाळून कडक झालेल्या सालीचे बोटभर तुकडे होते. त्यांनी एक तुकडा जिभेच्या टोकाला लावला आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"बाप रे! केवढी कडू!"

"साखरेत घोळवून द्यायचं औषध नाहीच ते."

"पण बाबा, ही तर साल. ही तुम्ही मला कधीच देणार नव्हतात."

"नव्हतो."

"मग आज?"

सासऱ्यांनी चहात बिस्किट बुडवले. ते अर्धे तुटून कपात पडले. चमच्याने ते शोधत त्यांनी विचारले, "तू निवृत्त कधी होतेस?"

"अजून दोनेक वर्षं आहेत."

"आणि मी?"

"तुम्ही कुठे निवृत्त होताय!"

"तेच तर. मी होईन तो एकदमच होईन. मग तपासायला तू नसशील आणि निकाल ऐकायला मी नसेन. तेव्हा काय ते होऊन जाऊ दे. आणि हे बघ, हिला वशिला नको. बाकीच्यांना लावलीस तीच फूटपट्टी हिला लाव."

शेजारी वर्तमानपत्रात डोके घालून बसलेला नवरा म्हणाला, "आणि बाबा, हीपण नापास झाली तर?"

"तर खालची पाटी उतरवतो. खोलीत तुझी सायकल ठेव."

हे ते हसतच म्हणाले. पण बिस्किट काही चमच्यात आले नाही, आणि चहा तसाच टाकून ते जिना उतरून खाली गेले.

खालची ती खोली म्हणजे त्यांचा दवाखाना. सासरे वैद्य होते, पोटाचे वैद्य. कुलपे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाला लागून त्यांची खोली. आत एक बाक, एक तराजू, खल आणि भिंतभर बरण्या. मुरडा, जुलाब, पोटफुगी, अन्न अंगी न लागणे अशा तक्रारी घेऊन माणसे यायची आणि पुड्या घेऊन जायची. सूनबाई मात्र वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायच्या. पोटासाठी लोक जो झाडपाला घेतात, तो खरोखर काही करतो का हे तपासणे हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आणि या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे यायचे.

ते 'नाही' बाई जसेच्या तसे लिहायच्या. 'आशादायक' नाही, 'आणखी अभ्यासाची गरज' नाही. नुसते 'परिणाम आढळला नाही'. मुलांनी त्यांना 'नापासबाई' नाव ठेवले. ते आधी वर्गात होते, मग शिक्षकांच्या खोलीत गेले आणि शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचले. तो एकदा बेसावध असताना कुणाला तरी म्हणाला, "नापासबाई आत्ताच आल्या," आणि मागे वळून बघतो तो बाई उभ्या. "आले, आले," असे म्हणत त्या पुढे गेल्या.

नापास होण्याची सुरुवात घरापासूनच झाली होती. लग्नाला काही वर्षे झाल्यावर सासऱ्यांनी मोठ्या हौसेने आपली सर्वांत गाजलेली पूड त्यांच्या हाती दिली होती. पाच मुळ्यांची. बाईंनी ती उभी-आडवी तपासली आणि एका संध्याकाळी जेवताना सांगितले, "बाबा, ती पूड काही करत नाही."

सासऱ्यांनी घास चावून संपवला. "भाजीत मीठ जास्त झालंय," एवढेच म्हणाले. आता घरात किती दिवस अबोला चालणार, याचा नवरा हिशेब करू लागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मुळ्यांची बरणी रिकामी करून, धुऊन उन्हात ठेवलेली होती. आणि चहाच्या कपाशेजारी दुसरी पुडी होती. "ही बघ," सासरे म्हणाले होते.

तेव्हापासून हे असेच चालू होते. भाजलेल्या बिया गेल्या, फुलांचा काढा गेला, पानांची राख गेली. एका मुळीने बाईंना जरा आशा लावली आणि मग तीही गेली. दर वेळी एक बरणी रिकामी व्हायची आणि तिच्यात खिळे, बटणे नाही तर दोऱ्याची रिळे यायची. रोगी कमी झाले. पुडी मागायला आलेल्यांना वैद्य सरळ सांगायचे, "ते आता देत नाही मी. उपयोग नाही त्याचा." लोक बुचकळ्यात पडायचे. काहींना वाटे, म्हाताऱ्याला भ्रम झाला. भिंतीवर औषधाच्या बरण्या उरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली मधली सालीची.

*

विभागातले यंत्र जुने होते, पण बाईंचा त्याच्यावर जीव होता. काचेची उभी नळी, तिच्यात अंगाइतके कोमट खारट पाणी आणि खालून सतत येणारे प्राणवायूचे बुडबुडे. त्या पाण्यात बकऱ्याच्या आतड्याचा एक छोटा तुकडा दोऱ्याने टांगायचा. दोरा वर एका नाजूक दांडीला बांधायचा आणि दांडीच्या टोकाला लेखणी. आतडे कत्तलखान्यातून सकाळी ताजे आणलेले असले की शरीराबाहेरही ते तासन् तास जिवंत राहते. आकसते, सैलावते, पुन्हा आकसते. ते आकसले की लेखणी वर जाते, सैलावले की खाली येते, आणि सरकत्या कागदावर लाटा उमटत राहतात.

बाईंनी सालीचा अर्क करून घेतला होता. आधी त्यांनी पाण्यात पेटके आणणाऱ्या रसायनाचा थेंब टाकला. आतडे झटक्याने आखडले, लेखणी ताडकन वर गेली. ज्याला मुरडा येतो त्याच्या पोटात हेच होते. पाणी बदलले, आतडे शांत झाले. मग अर्क टाकला. लाटा हळूहळू बुटक्या झाल्या. मग पुन्हा तेच पेटक्यांचे रसायन.

लेखणी जराशी थरथरली आणि जागीच राहिली.

दारातून जाणारे विभागप्रमुख थांबले. "अरे वा! थांबलं की."

"थांबलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "मेलं असेल, सर."

हे नेहमीचे होते. आतडे थांबवणारे पाले त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांतले निम्मे आतडे थांबवत नसत, मारत असत. ते कळायचा मार्ग एकच. बाईंनी नळीतले पाणी सोडून दिले, नवे कोमट पाणी भरले. पुन्हा सोडले, पुन्हा भरले. मेलेले असेल तर आता काहीच होणार नव्हते. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या.

कागद कोराच सरकत होता. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिले आणि "बघा, काय ते कळवा," असे म्हणत ते निघाले. तेवढ्यात लेखणी हलली. आधी एवढीशी, झोपलेल्याने पापणी हलवावी तशी. मग जरा मोठी. मग पहिल्यासारखी लाट आली आणि तिच्यामागून दुसरी.

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या, आणि मग एकदम मोठ्याने, "सर, जिवंत आहे हो!"

त्या दिवशी त्यांनी तोच प्रयोग दुसऱ्या तुकड्यावर केला, मग तिसऱ्यावर. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आतड्यावर केला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या हाताखालच्या शिक्षिकेला, काय टाकते आहेस हे न सांगता, बाटल्या देऊन करायला लावला. दर वेळी लेखणी तेच म्हणाली.

घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढले नाही. सासऱ्यांनीही विचारले नाही. फक्त एकदा भाजी निवडताना सहज म्हणावे तसे म्हणाले, "बरेच दिवस लागतायत या वेळी."

"हो बाबा. अजून माणसांवर व्हायचंय. नळीतलं आतडं म्हणजे काही माणूस नाही."

"म्हणजे नळीत..."

"भाजी निवडा, बाबा."

सासरे खाली मान घालून भाजी निवडू लागले. पण त्या दिवशी त्यांनी चांगल्या काड्या कचऱ्यात टाकल्या आणि किडकी पाने पातेल्यात.

*

माणसांवर चाचणी करायची म्हणजे महाविद्यालयाच्या समितीची परवानगी हवी. समितीच्या बैठकीत विभागप्रमुखांनीच पहिला खडा टाकला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. पण औषध सासऱ्यांचं आणि चाचणी सुनेची. लोक काय म्हणतील? घरचंच लग्न आणि घरचेच वऱ्हाडी."

"बरोबर आहे सर," बाई म्हणाल्या. "म्हणूनच मी चाचणीत नसणार. रुग्ण पोटविकाराच्या डॉक्टरीणबाई निवडतील, त्याच तपासतील. मी फक्त दोन काढे करून देईन, एक खरा, एक खोटा. कुठली बाटली कुणाला जाते ते आकडेशास्त्रवाले ठरवतील. मला कळणार नाही, डॉक्टरांना कळणार नाही, रुग्णालाही कळणार नाही. आणि औषध माझ्या सासऱ्यांचं आहे हे मी पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत लिहीन."

टेबलाच्या टोकाला एक म्हातारे शल्यविशारद बसले होते. ते बैठकीत बहुतेक वेळ डुलक्या काढत. त्यांनी डोळे उघडले. "काय हो, पूर्वी जी सगळी औषधं पाडलीत, ती कुणाची होती?"

"सासऱ्यांचीच."

"सगळी?"

"बरीचशी."

"आणि तुम्हाला घरी अजून जेवायला मिळतं?"

सगळे हसले. शल्यविशारद हसले नाहीत. "मग माझी हरकत नाही. ज्या बाईनं घरात राहून घरच्याला नाही म्हटलं, तिनं हो म्हटलेलं ऐकायला मला आवडेल," असे म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

परवानगी मिळाली, पण खोट्या काढ्याने बाईंचा घाम काढला. खोटा काढा खऱ्याइतकाच कडू, तसाच काळपट आणि तशाच वासाचा हवा. नाही तर पहिल्याच घोटाला रुग्ण ओळखणार. बाईंनी रंगासाठी जाळलेली साखर घातली, कडवटपणासाठी प्रयोगशाळेत मिळणारी निरुपद्रवी कडू पूड घातली आणि दोन वाट्या भरून घरच्या टेबलावर ठेवल्या.

नवऱ्याने दोन्हींचा एकेक घोट घेतला आणि मोरीकडे धाव घेतली. "दोन्ही सारखेच भयंकर आहेत!" तो आतून ओरडला.

सासऱ्यांनी मात्र घोट तोंडात घोळवला, गिळला, थोडा वेळ थांबले. "हा खोटा."

"कशावरून?"

"याचा कडूपणा जिभेवर बसून राहतो. सालीचा घशात उतरतो, मग कानापाशी येतो."

बाईंनी मात्रा बदलली. पुढच्या रविवारी पुन्हा दोन वाट्या. "हा खोटा. वासच नाही याला." मग कुठल्याशा निरुपयोगी लाकडाचा भुसा उकळून वास आणला. "हा खोटा. नंतर तोंड कोरडं पडत नाही." असे कित्येक रविवार चालले. जेवणाच्या टेबलावर कडू वाट्या पाहून नवरा आधीच ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायला लागला.

शेवटी एका रविवारी सासऱ्यांनी दोन्ही घोट घेतले आणि ते बोलेनात. पुन्हा घेतले. पाणी प्याले, पुन्हा घेतले. डोळे मिटून बसले. मग डाव्या वाटीवर बोट ठेवून म्हणाले, "हा खरा."

"बाबा!" बाईंनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. "चुकलात! चुकलात हो!"

सासऱ्यांचा चेहरा पडला. मग एकदम त्यांना हसू फुटले, इतके की ठसका लागला. "आयुष्यात पुष्कळदा चुकलो असेन," डोळे पुसत ते म्हणाले, "पण माझ्या चुकण्याचा एवढा आनंद कुणाला झालेला पहिल्यांदाच पाहतोय."

*

चाचणीला माणसे मिळायला वेळ लागला नाही. वर्षानुवर्षे पोटाने हैराण झालेले, सगळ्या तपासण्या करूनही काही न सापडलेले असे लोक गावात काही कमी नव्हते. त्यांतला एक बसचालक बाईंना रुग्णालयाच्या पायऱ्यांवर भेटायचा. माणूस मोठा बोलका. गाडी चालवताना कधी पोटात कळ येईल याचा भरवसा नाही म्हणून त्याने सकाळचे खाणेच सोडले होते. "मॅडम, तुम्हाला सांगतो, मला या मार्गावरचे थांबे माहीत नाहीत, संडास माहीत आहेत," तो म्हणायचा.

काही आठवड्यांनी तो दिसला तेव्हा त्याचा चेहराच बदलला होता. "मॅडम, काय औषध आहे हो! जहर कडू, पण जादू! काल सकाळी पोटभर नाश्ता केला आणि शेवटपर्यंत गाडी नेली. कुठ्ठे थांबलो नाही."

"बरं वाटलं ऐकून," बाई म्हणाल्या आणि झपझप पुढे गेल्या. आनंद करायची त्यांना चोरी होती. हा कुठल्या बाटलीवर आहे कुणास ठाऊक. पण रस्ताभर त्यांच्या डोक्यात ती पोटभर नाश्ता करून शेवटपर्यंत गेलेली बस धावत होती.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघेच होते. त्या, नापासबाई आणि आकडेशास्त्राचा प्राध्यापक. त्याला सगळे आकडेराव म्हणत, आणि त्याला घाई म्हणजे काय ते माहीत नव्हते. त्याने आधी चष्मा पुसला. मग संगणक सुरू केला. मग पाणी मागितले.

"दोन गट आहेत," तो म्हणाला. "एकाला आपण 'अ' म्हणू आणि दुसऱ्याला 'ब'. 'अ' गटात दहातल्या तिघांना आराम पडला. 'ब' गटात दहातल्या सहा-सात जणांना. हा फरक योगायोगानं येण्यासारखा नाही. मी तीन वेगवेगळ्या तऱ्हेनं तपासलं."

"म्हणजे दोघांत फरक आहे," डॉक्टरीणबाई पुढे सरसावल्या. "आता साल कुठली ते सांगा."

"सांगतो. त्याआधी नियमाप्रमाणे विचारलं पाहिजे. आता आकडे बदलायचे नाहीत, कुणाला वगळायचं नाही. मान्य?"

"अहो मान्य! मान्य!" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच.

नापासबाईंनी मान हलवली. त्यांना वाटले, आपले स्वतःचे आतडे कुणीतरी दोऱ्याने टांगले आहे.

आकडेरावांनी एक कळ दाबली, पडद्यावर वाकून पाहिले आणि म्हणाले, "'ब' म्हणजे साल."

डॉक्टरीणबाईंनी नापासबाईंना मिठीच मारली. बाई तशाच ताठ उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "पुन्हा बघा." आकडेरावांनी पुन्हा पाहिले. "सालच आहे हो, बाई." तेव्हा त्या खाली बसल्या आणि जन्मात पहिल्यांदाच सहकाऱ्यांदेखत रडल्या. रडता रडताच त्यांनी विचारले, "आणि तो बसचालक?"

आकडेरावांनी यादी खाली सरकवली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. "बसचालक 'अ'. खोटा काढा."

तिघेही हसत सुटले. पुढे बसचालकाला हे सांगितले तेव्हा तो मुळीच हसला नाही. "ते काही मला माहीत नाही, मॅडम," तो म्हणाला. "खरं औषध तुम्ही दुसऱ्यांना द्या. मला आपलं ते खोटंच द्या."

*

बाई घरी आल्या त्या वर न जाता थेट खालच्या खोलीत गेल्या. सासरे एकटेच बाकावर बसून तराजूची पारडी पुसत होते. त्यांनी सुनेकडे पाहिले. तिचे डोळे सुजलेले होते.

"पडली?" त्यांनी विचारले.

"पास झाली, बाबा."

त्यांनी पारडे खाली ठेवले. पुन्हा उचलले. "पास म्हणजे... तुझ्या फूटपट्टीनं?"

"माझ्याच. सहा-सात जणांना आराम, दहातल्या. खोट्या काढ्यावर तिघांना."

"खोट्यावरही तिघांना?"

"हो. तो बसवाला त्यातलाच."

वैद्यांनी भिंतीकडे पाहिले. तिथे आता खिळे होते, बटणे होती. "म्हणजे इतकी वर्षं माझ्या पुड्या घेऊन जी माणसं बरी झालो म्हणाली..."

"त्यांतली पुष्कळ अशीच असतील, बाबा."

"तुला कधी खोटं बोलता येत नाही का गं? निदान आजच्या दिवस?"

"आलं असतं, तर आज साल पास झाली यावर कुणी विश्वास ठेवला असता?"

वैद्य बाकावर जरा सरकले. मग म्हणाले, "बस इथे." बाई बाकावर त्यांच्याशेजारी बसल्या. "मी लहान होतो तेव्हा घरात सगळ्यांनाच पोटाचं झालं. आई दोघांनाही हाच काढा पाजायची, मला आणि धाकटीला. मी नाक दाबून प्यायचो. धाकटी थुंकायची. आई हातापाया पडायची तिच्या. पण ती थुंकायची." त्यांनी हातातले पारडे बाजूला ठेवले. "ती गेली, मी राहिलो. म्हणून तुला साल देत नव्हतो. नापास झाली असती, तर आई उगाच त्या पोरीला छळत होती असं झालं असतं."

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग जे खरे तेच त्या म्हणाल्या. "बाबा, ते दुखणं वेगळं असेल. त्यावर साल चालते की नाही, ते या चाचणीतून सांगता येत नाही."

"माहीत आहे," वैद्य म्हणाले. "तू तसंच म्हणणार हेही माहीत होतं." आणि त्यांनी आपला दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

*

महाविद्यालयाचे मोठे सभागृह त्या दिवशी खच्चून भरले होते. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. मागच्या भिंतीला टेकून मुले उभी होती, कारण नापासबाईंनी कशाला तरी पास केले ही बातमी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणाला खरी वाटत नव्हती. पहिल्या रांगेत इस्त्रीच्या कोटात वैद्य आणि त्यांच्या शेजारी नवरा.

बाईंनी नेहमीसारखेच सांगितले, सावकाश, कुठेही आवाज न चढवता. साल काय करते ते सांगितले, काय करत नाही ते त्याहून जास्त वेळ सांगितले. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा बाहेरगावचे एक नामांकित डॉक्टर उठले. झाडपाल्याचे नाव काढले की त्यांचे पित्त खवळते अशी त्यांची ख्याती होती.

"मी इथे तुमची चूक काढायला आलो होतो," ते म्हणाले. "रात्रभर तुमचा निबंध वाचला. जी शंका काढावी तिचं उत्तर पुढच्या पानावर. शेवटी झोपलो." आणि ते खाली न बसता उभ्यानेच टाळ्या वाजवू लागले.

मग सगळे सभागृहच उठले. टाळ्यांचा पाऊस पडला. मागची मुले बाकांवर चढली. कुणीतरी ओरडले, "पासबाई! पासबाई!" आणि ते सगळ्यांनीच उचलले. बाई व्यासपीठावर लाल होऊन उभ्या होत्या, हातातल्या कागदांचे काय करावे हे न कळून.

विभागप्रमुखांनी वैद्यांना बोलायची विनंती केली. ते नको नको म्हणत होते, पण मुलाने कोपराला धरून उठवले. ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून त्यांनी एकदा घसा साफ केला.

"मला भाषण येत नाही. माझ्या वडिलांनी मला शिकवलं, की औषध देताना रोग्याच्या डोळ्यांत बघावं. मी बघत आलो. डोळ्यांत विश्वास दिसायचा, आणि मला वाटायचं, तो माझ्या औषधानं आला. ही मुलगी घरात आली आणि म्हणाली, डोळ्यांत बघू नका, पोटात बघा." सभागृह हसले. "राग आला मला. खोटं कशाला बोलू, खूप आला. पण मग वाटलं, हिला नाही म्हणायची भीती वाटत नाही. उद्या ही हो म्हणाली, तर त्या होला किंमत असेल. ती हो म्हणेपर्यंत जगायचं ठरवलं. जगलो. बास."

ते उतरून आपल्या जागेवर येऊन बसले. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

*

वर्तमानपत्रात बातमी आली आणि गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुलूपवाल्याने आपले स्टूल आत घेतले. वैद्य सकाळपासून बसत. प्रत्येकाला नीट विचारत, पोट चाचपत, आणि आलेल्यांतल्या निम्म्यांना साल न देताच परत पाठवत. "तुम्हाला ही लागू नाही," असे सांगत. लोक कुरकुरत. महाविद्यालयाला सुट्टी असली की बाईही मदतीला दाराशी उभ्या राहत.

अशाच एका सकाळी लांबून आलेली एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आत शिरली. माणूस उंचापुरा होता, पण सदरा अंगावर लोंबत होता. बायकोने बातमीचे कात्रण पुढे केले. "हेच औषध ना? यांना तीन महिने पोटाचा त्रास आहे. आम्ही पहाटेच्या गाडीनं आलोय."

वैद्यांनी कात्रण बाजूला ठेवले. माणसाला आडवे करून पोटावर हात फिरवला, एका जागी थांबवला. खालच्या आवाजात काहीतरी विचारले. माणसाने बायकोकडे पाहिले आणि मान हलवली.

"रक्त पडतं? आणि तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

"ती घाबरेल म्हणून."

वैद्यांनी त्याला हात देऊन उठवले. "तुम्हाला माझ्याकडे औषध नाही. आज, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जायचं."

"पण पेपरात आलंय ना!" बायकोचा आवाज फुटला. "एवढ्या लांबून आलोय आम्ही. द्या ना थोडं. थोडं द्यायला काय होतंय?"

"बाई, पेपरात आलंय ते खरंय," वैद्य म्हणाले. "म्हणूनच यांना देत नाही."

दारातल्या सूनबाई त्या माणसाचा हात धरायला पुढे झाल्या, पण सासऱ्यांनी खुणेनेच त्यांना थांबवले. त्यांनी स्वतः त्याला खांद्याचा आधार दिला आणि गर्दीतून वाट काढत ते त्याला रस्त्यापर्यंत घेऊन गेले. बायको मागून कात्रण हातात घेऊन चालत होती. गल्लीतल्या माणसांनी आपसूक जागा करून दिली.

टॅक्सी मिळायला वेळ लागला. ऊन चढले होते. वैद्यांनी आपला कोट काढून त्या माणसाच्या डोक्यावर धरला आणि टॅक्सी येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.